कळशीची जागा

त्या मुलखात पाण्याला तोटा नव्हता, तरी आग मात्र कधी वेळेवर विझत नसे. कारण सगळं पाणी आपापल्या जागेवर उभं असायचं.

मुलूख भांड्यांचा होता. घरं गवताने शाकारलेली, चुली बारा महिने पेटत्या आणि वारा बेभरवशाचा, तेव्हा कुठे ना कुठे ठिणगी पडायचीच. मुलखाच्या मधोमध रांजण होता. कमरेपर्यंत जमिनीत पुरलेला, त्यामुळे त्याला कधी कुठे जावं लागलं नव्हतं, आणि जाणं म्हणजे काय याची त्याला फारशी कल्पनाही नव्हती. त्याच्यासमोर लांबच लांब लाकडी घडवंची होती. तिला गोल खोबणी पाडलेल्या, आणि एकेका खोबणीत एकेक भांडं. सकाळी विहिरीवर भरायचं, येऊन आपल्या खोबणीत बसायचं आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायचं, ही रांजणाकडची चाकरी. चाकरीच्या बदल्यात डोक्यावर सावली मिळे, चिंच आणि राख लावून रोजची घासणी मिळे, आणि वर्षातून एकदा कल्हईवाला भाता यायचा तेव्हा आतून कल्हई मिळे. कल्हई नसली की भांड्याचं काय होतं हे कुणाला सांगायला नको. आतून हिरवं चढतं, आणि मग त्यातलं पाणी कुणी तोंडाला लावत नाही. म्हणून ज्याला खोबण होती त्याला सगळं होतं.

घागर त्या घडवंचीवरची जुनी बाई. तांब्याची, पोटाने रुंद आणि तोंडाने त्याहून रुंद. कुणाच्या बुडाला पोचा पडला, कुणाचं कुणाशी पटत नाही, विहिरीवर कोण कुणासाठी रेंगाळलं, हे सगळं तिला ठाऊक असायचं. जे ठाऊक नसायचं ते ती पदरचं घालून पुरं करायची. त्यात वाईट हेतू नसे. अर्धवट राहिलेली गोष्ट तिला बघवतच नसे, एवढंच. मनाने मऊ होती. शेजारच्या खोबणीतल्या कळशीला घासणीची चिंच कमी पडली की आपल्यातली अर्धी काढून द्यायची, आणि देताना काल संध्याकाळी ती कुणाशी बोलत होती तेही विचारून घ्यायची.

ही कळशी पितळेची, लहानखुरी, बोलायला कमी. पण वेशीवर टांगलेला थाळा वाजला की ही उठलीच. आग दिसली की थाळा वाजे. बहुतेक भांडी तो ऐकून हळहळायची आणि बसल्या जागी आपल्या पाण्याचा थेंब सांडणार नाही याची काळजी घ्यायची. काही थोडी मात्र जशी होती तशी, भरलेली, आगीकडे धावत सुटायची. त्यांना कुणी त्यासाठी नेमलेलं नव्हतं. नेमलेलं होतं ते पाणी पाजायला.

पूर्वी अशांची फार आबाळ व्हायची. आग विझवून, काळवंडून परत यावं तर खोबणीत दुसरंच कुणीतरी बसलेलं. मग एका वर्षी धान्याचं कोठार पेटलं, आणि धावणारं कुणी उरलंच नव्हतं. कोठाराची राख झाल्यावर सगळ्यांना अक्कल आली. न्यायाला बसणारं घंगाळ होतं, भारदस्त, दोन्ही अंगांना कड्या असलेलं. पसरट असल्यामुळे त्याच्यात सगळ्यांचं म्हणणं मावे, फक्त कुणाचंच फार खोल जात नसे. त्या घंगाळाने कायदा केला.

"आगीला धावणाऱ्याची खोबण कुणी घ्यायची नाही," ते म्हणालं. "तो येईपर्यंत तिथं चुंबळ ठेवायची. चुंबळीवर कुणी बसायचं नाही. आला की त्याने आपल्या जागी बसायचं, कुणी काही विचारायचं नाही. मात्र तो आगीलाच गेला होता हे शेजाऱ्याने सांगायचं. नाहीतर जत्रेला जाऊन आगीचं नाव सांगणारे निघतील."

सगळ्यांना ते पटलं. रांजणालाही पटलं. त्याने प्रत्येक खोबणीशेजारी एक खुंटी ठोकली आणि प्रत्येक खुंटीवर धुवट कापडाची गोल वळलेली चुंबळ टांगली.

सगळ्यांत आनंद झाला तो घागरीला. आजवर जे ती चोरून करत होती ते आता कायद्याने तिचं काम झालं. कळशी आगीवरून आली की रांजणाची मुकादमीण पळी पुढे येऊन विचारी, "शेजारीण कोण? पाहिलंत का?" आणि घागर अशी काही सांगायला लागे की पळी तिथेच टेकायची.

"पाहिलं म्हणजे काय, डोळ्यांनी पाहिलं. अशी निघाली, वाटेत थेंब सांडला नाही. ज्वाळा किती, तर चिंचेच्या शेंड्याएवढ्या. ही आपली मधोमध शिरली. मला तर बाई बघवेना."

"काकू, तुम्ही तर इथंच होतात," पलीकडच्या खोबणीतला गडू म्हणायचा. गडू गोलमटोल, थट्टेखोर, अजून कुठल्याच आगीला न गेलेला.

"अरे, सगळं काय तिथं जाऊनच दिसतं? शेजारीण आहे मी तिची."

कळशी गालात हसायची. चुंबळ उचलून खुंटीला लावायची आणि आपल्या जागी बसायची. अंगावरची काजळी घासणीला निघून जायची. असं बरंच चाललं, आणि चालत राहिलंही असतं. पण कायद्याने खोबण राखली तरी खोबणीतलं काम काही राखून ठेवता येत नाही. कळशी गेली की तिच्याकडे येणारे तहानलेले घागरीकडे वळायचे. घागर दिवसातून दोनदा विहिरीवर जायची. तिचं वय झालं होतं, बूड झिजलं होतं, आणि शेजारच्या खोबणीत ती पांढरी चुंबळ नुसती बसलेली असायची. ना पाणी भरत, ना पाणी देत.

"कायदा तिचा, पाणी तुमचं," पळी एकदा जाता जाता म्हणाली.

घागर हसली. पण ते वाक्य तिच्या आत कुठेतरी तळाशी जाऊन बसलं.

ऐन उन्हाळ्यात एके दिवशी थाळा वाजला तो टेकाडापलीकडच्या आगीचा. तिथे सुपं, टोपल्या, रोवळ्या यांची वस्ती होती. सगळी बांबूची जात, एकाला धग लागली की रांगेने पेटणारी. कळशी खोबणीतून उठली.

"काकू, जाते हं. चुंबळ तेवढी टाका."

"अगं, आज वऱ्हाड यायचंय पाण्याला. टेकाडापलीकडे तुझ्यावाचून अडलंय का कुणाचं?"

"अडलं नसेल तर परत येईन लगेच."

"ये हो. वाट बघते."

कळशी त्या दिवशी आली नाही. वऱ्हाड मात्र आलं, आणि आलं ते उन्हातून, घसे कोरडे करून. घागर विहिरीवर जाऊन जाऊन थकली. संध्याकाळी सगळी भांडी दगडावर घासणीला जमली तेव्हा तिच्या काठाला चरा पडला होता आणि डोकं ठणकत होतं. कुणीतरी विचारलं, कळशी कुठे राहिली गं.

"बसली असेल कुठे सावलीला," घागर म्हणाली. "तिला काय घाई आहे? खोबण राखलेली आहे, चुंबळ बसवलेली आहे. मरायला आम्ही आहोतच की."

भांडी हसली. घागरीलाही जरा बरं वाटलं. चिंच लावून अंग लख्ख झालं आणि आपण काय बोललो ते ती विसरूनही गेली. पण दगडाच्या पलीकडच्या अंगाला पळी घासून घेत होती, आणि पळी विसरली नाही.

कळशी दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर आली. एका कुशीला काळी ठिक्कर, गळ्याखाली खोल पोचा, आणि अंगाला जळक्या बांबूचा असा वास की शेजारच्या घागरीच्या पाण्यालाही तो लागला. ती चुंबळीला हात घालणार तोच पळी आडवी आली.

"थांबा. रांजणरावांना बोलायचंय."

रांजण रागावला नव्हता. तो कधीच रागावत नसे. "हे बघ कळशे," तो म्हणाला, "मी कायद्याच्या बाहेर नाही. चुंबळ आहे ना जागेवर? कुणी बसलंय का तिच्यावर? नाही. पण आग काल संध्याकाळीच विझली, असं वाऱ्यावर कळलं. मग रात्रभर आणि सकाळभर तू कुठे होतीस? माझ्या दारातून वऱ्हाड अर्धं तहानलेलं गेलं."

"ज्वाळा विझल्या," कळशी म्हणाली. "बांबूच्या आत निखारा राहतो. वरून राख दिसते, वारा आला की परत भडकतो. आणि टोपल्या भाजल्या होत्या, त्यांना पाणी हवं होतं."

"असेल. मी कशाला खोटं म्हणू? शेजारणीला सांगू दे. उद्या घंगाळअप्पा बसतील. ती हो म्हणाली की तू बस."

घागरीने हे ऐकलं आणि तिला उगाचच वाटलं की सगळी घडवंची आपल्याकडे बघते आहे. कळशी सावलीला बसली असेल हे आपलं वाक्य पळीमार्फत रांजणापर्यंत गेलं होतं हे तिला तेव्हा कळलं. तरी तिचा जीव भांड्यात होता. उद्या आपण नेहमीसारखं सांगू. चिंचेच्या शेंड्याएवढ्या ज्वाळा सांगू, जरा जास्तच सांगू, आणि पोरगी आपल्या जागी बसेल. तिने मनातल्या मनात जुळणीही सुरू केली.

संध्याकाळी पळी तिच्याशेजारी येऊन टेकली.

"काकू, यंदा कथील कमी आलंय म्हणे."

"म्हणजे गं?"

"भाता यायचाय ना कल्हईला. सगळ्यांना पुरेलसं दिसत नाही. जुन्या भांड्यांना द्यायची की नाही, यावर रांजणराव विचार करतायत." पळीने इकडेतिकडे पाहिलं. "मी म्हटलं, घागरकाकूंना विसरू नका. त्यांनी वऱ्हाडाचं एकटीने बघितलं."

घागरीने आपल्या आत डोकावून पाहिलं.

"उद्याचं टेन्शन घेऊ नका हं," पळी उठता उठता म्हणाली. "तुम्हाला खोटं बोलायला कोण सांगतंय? छे. जेवढं पाहिलंत तेवढंच बोला. एक शब्द कमी नको, एक शब्द जास्त नको. तसं तुम्ही नेहमी जरा जास्तच सांगता, नाही का?"

दुसऱ्या दिवशी घंगाळ घडवंचीसमोर येऊन बसलं. कळशी जमिनीवर उभी होती. तिची खोबण चुंबळीसकट मोकळी होती, आणि खोबणीशेजारी घागर. इतकी जवळ की एरवी दोघींच्या मध्ये वाराही दाटून यायचा.

"शेजारीण तू?"

"हो, अप्पा."

"कळशी जाताना पाहिलीस?"

"पाहिली."

"कुठे गेली?"

"टेकाडाच्या दिशेला."

"आगीपाशी पाहिलीस?"

घागरीच्या तोंडात सगळं तयार होतं. ज्वाळा, धूर, टोपल्यांचा आक्रोश. तिला ते ऐकूही येत होतं. तिला वास येत होता जळक्या बांबूचा, अजूनही, स्वतःच्याच पाण्याला. पण घंगाळाने वासाचं विचारलं नव्हतं.

"मी इथं होते, अप्पा," ती म्हणाली.

"मग यायला इतका वेळ का लागला तिला?"

"ते मी पाहिलं नाही."

कळशी तिच्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता. सवय होती. घागरकाकू एवढ्यावर थांबत नाहीत, आता पुढचं सांगतील, अशी ती नुसती वाट बघत होती. गडू वाट बघत होता. सगळी घडवंची, डावीपासून उजवीपर्यंत, घागर पुढे काय बोलते याची वाट बघत होती. वारा पडला. एक चिमणी घंगाळाच्या कडीवर येऊन बसली आणि उडून गेली.

घागर आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं तेवढंच बोलली.

"सुपांना विचारा," कळशी शेवटी म्हणाली. "टोपल्यांना विचारा. त्या सांगतील."

"कायद्यात शेजारी म्हटलंय," घंगाळ म्हणालं, आणि त्याच्या आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं. "सुपं काही तुझी शेजारी नव्हेत. ती टेकाडापलीकडची. त्यांचं ऐकायचं तर कायदा बदलावा लागेल." मग ते घागरीकडे वळलं. "तू खरं बोललीस. उगाच वाढवून सांगितलं नाहीस. शेजार असावा तर असा."

चुंबळ खोबणीतून निघाली आणि खुंटीवर गेली. तिच्यावर एक डागही नव्हता.

भाता आला तेव्हा घागरीला सगळ्यांआधी कल्हई मिळाली. दरवर्षी कल्हईला आतून पोळतं. नवसागराचा धूर होतो, कथील वितळून भिंतींना चढतं, आणि मग आत चांदण्यासारखं दिसतं. यंदाही तसंच दिसलं. फक्त थंड झाल्यावरही घागरीला कुठेतरी पोळतच राहिलं. कुठे ते सापडेना. भाता म्हणाला, "कल्हई पक्की बसलीये काकू, काही चूक नाही."

कळशीच्या खोबणीत रांजणाने नवीन डबा आणून बसवला. फिरकीच्या झाकणाचा, चकचकीत, कल्हईची गरजच नसलेला. झाकण एकदा आवळलं की ते उघडायला वेळ लागे. त्यामुळे तो घाईने कुठे जाईल ही भीती नव्हती, आणि पाणीही त्याच्यातून मोजकंच, विचारपूर्वक निघे. रांजणाला तो फार आवडला. पुढे एकेक करून त्याने आणखी काही डबे आणले.

घागरीला शेजार लागतो. पहिल्या दिवशीच तिने चौकशी सुरू केली.

"डबेराव, कुठून आलात?"

डब्याने उत्तर दिलं नाही.

"घरी कोण कोण असतं?"

झाकण गच्च होतं. आतून काही आवाज आल्यासारखा वाटला, पण तो पाण्याचा असावा.

"काकू," पलीकडून गडू म्हणाला, "तुम्हाला अगदी तुमच्या मनासारखा शेजार मिळाला. पाहिलेलंसुद्धा सांगायचा नाही." सगळे हसले. गडू हसला नाही. जरा वेळाने त्याने विचारलं, आणि हे थट्टेने विचारलं की खरोखर हे घागरीला कधीच कळलं नाही, "समजा मी धावलो कधी, तर तुम्ही काय पाहाल?"

"असं काय बोलतोस रे."

"नाही, विचारून ठेवतो."

कळशी गेली नव्हती. जाणार कुठे? ती घासणीच्या दगडापाशी असायची. चाकरी नाही, कल्हई नाही. आतून हिरवं चढत गेलं तसं तिच्यात पाणी कुणी भरेना, म्हणून तिच्यात राख भरून ठेवायला लागले, भांडी घासायला लागते ती. घागर रोज घासणीला जायची तेव्हा ती राख कळशीतूनच घ्यावी लागायची. पहिले काही दिवस घागर पाठ करून बसली. मग एकदा कळशीच म्हणाली, "काय काकू, बूड दुखतं का अजून?"

"दुखतं गं. थोडं थोडं."

"चढावर जपून जात जा. खालच्या वाटेने लांब पडतं, पण दगड नाहीत."

घागरीला वाटलं, हिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गावभर सांगता आल्या असत्या. दुसऱ्या दिवशी ती चिंच घेऊन गेली. अर्धी नाही, सगळी.

"आतून घासून देते तुला. निघेल हिरवं."

"ठेवा तिथं. कल्हईशिवाय परत चढतं ते."

"कळशे, त्या दिवशी मी..."

"तुम्ही पाहिलंत तेवढं बोललात," कळशी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच घागरीला सहन होईना. टोमणा असता तर तिने तो लगेच ओळखला असता. त्यात ती मुरलेली होती. "मला ओझं नाही वाटत त्याचं. तुम्ही नका वाटून घेऊ."

घागर चिंच दगडावर ठेवून आली. त्यानंतर तिचं बोलणं कमी झालं. विहिरीवर कोण कुणासाठी रेंगाळलं हे तिला दिसायचं, पण सांगायला गेली की जीभ अडायची. हे पाहिलं का, की मनाचं घातलं? लोक म्हणायला लागले, घागर आता पोक्त झाली. पाणी प्यायला येणारे मात्र कधी कधी तोंड वाकडं करायचे. जळकट लागतं म्हणायचे. पळीने तिला दोनदा विसळून घेतलं, तरी लागायचं.

इकडे कायद्याची मात्र वाहवा झाली. खुंट्यांवरच्या चुंबळी पांढऱ्याशुभ्र राहिल्या होत्या, कुणाला त्या उतरवाव्या लागल्या नव्हत्या. घंगाळ फेरीवर आलं की त्या बघून समाधानाने मान हलवायचं. इतक्या दिवसांत धावण्यावरून एकही तंटा आला नाही, म्हणायचं, याला म्हणतात नीट केलेला कायदा.

त्या साली पावसाने ओढ दिली. गवत इतकं वाळलं की वाऱ्याने आपसात घासलं तरी चुरचुरायचं. आणि एके दिवशी दिवेलागणीला थाळा वाजला.

आग टेकाडापलीकडे नव्हती. अलीकडे, खालच्या गल्लीत होती. घडवंचीवरून धूर दिसत होता, धुराखालचा लाल लोळ दिसत होता. घडवंची भरलेली होती. नुकत्याच शेवटच्या खेपा होऊन सगळी भांडी काठोकाठ. थाळा वाजत राहिला. पूर्वी जी धावायची त्यांतली दोन-तीन अजून होती. ती थोडी हलली. मग त्यांनी आपापल्या शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्यांनी दुसरीकडे पाहिलं, किंवा शेजारी डबा होता. ती परत नीट बसली. गडूने घागरीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. घागरीला ते कळलं, आणि तिला हो म्हणायचं होतं, खरंच म्हणायचं होतं. पण आपलं हो आता कुणी कशाच्या बळावर धरावं, हे तिचं तिलाच सांगता येईना.

तेवढ्यात दगडाकडून काहीतरी गडगडत आल्याचा आवाज झाला. कळशी होती. तिने राख ओतून टाकली होती. विहिरीचा दोर घडवंचीवरच्या भांड्यांसाठी, तिला कुणी भरून देणार नव्हतं. ती रिकामीच निघाली होती, आणि वाट घडवंचीवरून जात होती. घागरीसमोर ती थांबली. तोंड वर केलेलं, आतून हिरवंगार, कोरडं ठाक. पाणी मागायला तिने शब्द काढला नाही.

घागर जरा कलली असती तरी पुरलं असतं. अर्धी तिच्यात ओतून अर्धी घेऊन स्वतः निघालीही असती. गल्ली जवळ होती. तिच्या अंगाने तशी ओढही घेतली. काठाशी पाणी आलं, थरथरलं. तिने पळीकडे पाहिलं. पळी रांजणाशी काहीतरी बोलत होती, पाठमोरी.

"थांब हं, कळशे," घागर म्हणाली. "एक मिनिट. विचारून घेते."

ती डब्याकडे वळली.

"डबेराव," ती हळूच म्हणाली. "मी जाऊन येते खाली. आले की सांगाल ना? तुम्ही पाहिलं म्हणून?"

डबा गप्प होता.

"जास्त नको. पाहाल तेवढंच सांगा."

झाकणावर आगीचा उजेड पडला होता. घागरीने त्यात आपलं तोंड पाहिलं, रुंद, वाकडं, उघडं. झाकण हललं नाही. ती पुन्हा समोर वळली तेव्हा कळशी निघून गेली होती. उतारावर तिचा रिकामा आवाज लांब लांब जात होता. मग एका छपराचा सांगाडा कोसळला आणि तो आवाज ऐकू येईना.

घडवंचीवर कुणी हललं नाही. कुणाचा थेंब सांडला नाही. ज्वाळा छपरांच्या वर आल्या, तशी सगळी भांडी त्या बघायचं टाळायला खाली, आपापल्या पाण्याकडे बघायला लागली. घागरीनेही पाहिलं. पाणी अगदी शांत होतं, नव्या कल्हईवर नितळ, आणि त्याच्या मधोमध एक गवताचं घर जळत होतं. जळत होतं, आणि चहूबाजूंनी पाण्याने काठोकाठ वेढलेलं होतं.